विधानभवन, जुने (मुंबई)

मुंबई शहराच्या दक्षिण भागात, अपोलो बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी व रीगल चित्रपटगृहासमोर उभी असलेली एकोणिसाव्या शतकातील गॉथिक शैलीची वास्तू. ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ हे तिचे मूळ नाव असून ती खलाशांचे वसतिगृह म्हणून १८७६ मध्ये पूर्ण झाली. १९२८ मध्ये मुंबई सरकारने प्रांतिक विधिमंडळासाठी ती ताब्यात घेतली. त्यानंतर १९८१ पर्यंत प्रथम मुंबई इलाखा, नंतर स्वातंत्र्योत्तर मुंबई राज्य, मग विशाल द्वैभाषिक राज्य आणि अखेरीस महाराष्ट्र राज्य, अशी एकामागून एक चार रूपे घेतलेल्या विधिमंडळाचे कामकाज या वास्तूत चालले. सामान्य लोकांच्या बोलण्यात ती शेवटपर्यंत ‘कौन्सिल हॉल’च राहिली. १९८२ पासून तेथे महाराष्ट्र राज्य पोलीस दलाचे मुख्यालय आहे.

विधिमंडळे स्वतःसाठी बांधलेल्या वास्तूंतच बसतात, असे नाही. आयर्लंडच्या संसदेचे उदाहरण या बाबतीत प्रसिद्ध आहे. डब्लिन शहरातील लीन्स्टर हाउस हा जॉर्जियन शैलीचा वाडा रिचर्ड कॅसल्स या वास्तुशिल्पज्ञाने १७४५ ते १७४८ या काळात किल्डेअरच्या अर्लसाठी बांधला. १८१५ मध्ये तो रॉयल डब्लिन सोसायटी या विद्वत्संस्थेकडे गेला आणि १९२२ मध्ये नव्या आयरिश राज्याच्या संसदेने तेथे आपले बिऱ्हाड तात्पुरते म्हणून थाटले. सोसायटीच्या व्याख्यानगृहात कनिष्ठ सभागृह भरू लागले, आणि ही तात्पुरती सोय कायमची ठरली. सरदाराच्या वाड्यात लोकप्रतिनिधींनी बसावे, ही घटना त्या देशाच्या इतिहासाला शोभणारीच होती. मुंबईची गोष्ट त्याहून साधी आहे. येथे लोकप्रतिनिधींच्या वाट्याला वाडा आला नाही. दर्यावर्दी लोकांची धर्मशाळा आली.

तत्पूर्वी मुंबईच्या विधिमंडळाला स्वतःचे घर नव्हते. १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टनुसार गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाला कायदे करण्यापुरते चार ते आठ जादा सभासद जोडण्यात आले. या मंडळाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज रसेल क्लार्क यांच्या अध्यक्षतेखाली टाउन हॉलमधील दरबार दालनात भरली. नामनियुक्त हिंदी सभासदांत जगन्नाथ शंकरशेट होते. टाउन हॉल ही वास्तू चौथ्या जॉर्जच्या कारकीर्दीत, १८२१ मध्ये, सुरू होऊन १८३३ मध्ये पुरी झाली होती. डोरिक स्तंभांची रांग, रुंद दगडी पायऱ्या आणि सम प्रमाणांचा दर्शनी भाग यांमुळे जॉर्जियन काळातील अभिजात रुची मुंबईत तिच्यात जितकी स्पष्ट दिसते, तितकी अन्यत्र क्वचितच दिसते. म्हणजे मुंबईच्या विधिमंडळाचा जन्म एका जॉर्जियन वास्तूत झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र त्या मंडळाला प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता, अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचाही नव्हता. मूठभर सभासदांच्या बैठकीला एखादे दालन पुरत असे. पुढे १८७४ मध्ये बांधून झालेल्या सचिवालयात, आणि पावसाळ्यात पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये, बैठका होत राहिल्या.

खलाशांच्या वसतिगृहाची हकीगत याच काळातील आहे. सर बार्टल फ्रिअर यांच्या अमदानीत किल्ल्याचे तट पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नव्या सार्वजनिक इमारती उठू लागल्या. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला व मुंबई हे युरोपच्या वाटेवरील पहिले मोठे बंदर बनले. जहाजांची संख्या वाढली, तसा जहाजावरून उतरून पुढच्या नोकरीची वाट पाहत बंदरावर राहणारा खलाशीवर्गही वाढला. त्याचा पगार आणि प्रकृती ही दोन्ही गुत्त्यांत खर्ची पडत. स्वस्त, स्वच्छ व देखरेखीखालील निवारा असावा, ही कल्पना इंग्लंडातील बंदरांतून आधीच रुजली होती. व्हिक्टोरिया राणीचे द्वितीय पुत्र, एडिंबरोचे ड्यूक प्रिन्स आल्फ्रेड, हे स्वतः नौदलातील अधिकारी होते. १८७० मध्ये त्यांनी मुंबईस भेट दिली, तेव्हा या भेटीचे स्मारक म्हणून वसतिगृहाचा कोनशिला-समारंभ त्यांच्याच हस्ते झाला. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी या कामासाठी दोन लाख रुपये दिले. एकूण खर्चाच्या निम्म्याहून अधिक भार या एका देणगीने उचलला. खंडेरावांचा त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मृत्यू झाल्याने इमारत पाहण्याचा योग त्यांना आला नाही.

प्रत्यक्ष बांधकाम १८७२ च्या आरंभी सुरू होऊन २८ फेब्रुवारी १८७६ रोजी संपले. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स (१८४७–१९००) या तरुण वास्तुशिल्पज्ञाचा होता. १८६७ मध्ये सरकारी बांधकाम खात्यात रुजू झालेल्या स्टीव्हन्स यांचे हे पहिले महत्त्वाचे काम. पुढे व्हिक्टोरिया टर्मिनस (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), मुंबई महानगरपालिकेची इमारत आणि चर्चगेटसमोरील बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे कार्यालय यांनी त्यांचे नाव गाजले. त्या भव्य रचनांच्या मानाने नाविकगृह बेताचे आहे. तरीही नंतरच्या स्टीव्हन्सची ओळख पटविणाऱ्या गोष्टी येथे प्रथम दिसतात: मध्यभागी पुढे आलेला उंच त्रिकोणी शिखराचा भाग, त्याच्या दोन्ही बाजूंस पसरलेले पंख, मजल्यागणिक टोकदार कमानींच्या ओळी असलेल्या पडव्या आणि बेसाल्टच्या करड्या भिंतींवर फिकट दगडाची किनार. पडव्यांमुळे ऊन व पावसाची झड आतल्या खोल्यांपर्यंत पोहोचत नाही, आणि समुद्राकडचा वारा मात्र खेळता राहतो. इंग्लंडातून आलेल्या गॉथिक शैलीने मुंबईच्या हवेशी केलेली ही तडजोड होय. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर भर दुपारी उभे राहणाऱ्यास तिचे मोल अधिक कळते.

दर्शनी शिखरावर नेपच्यून या रोमन समुद्रदेवतेचे शिल्प असून तिच्याभोवती जलपऱ्या व समुद्राश्व कोरलेले आहेत. खलाशांच्या घरावर समुद्राचा देव बसविणे स्वाभाविकच होते. गंमत अशी की, खलाशी गेले, विधिमंडळ आले आणि तेही गेले, पण या देवाला कोणी हात लावला नाही. जमिनीचा महसूल, कुळांचे हक्क, दुष्काळ आणि पाटबंधारे यांवर अर्धशतक चाललेल्या चर्चा या जलदेवतेच्या छत्राखाली झाल्या. रचना करताना वीस अधिकारी व अठ्ठावन्न खलाशी यांच्या राहण्याची सोय धरलेली होती; अडीअडचणीला शंभरापर्यंत खलाशी सामावून घेता येत.

ही आकडेवारी ध्यानात घेतली, म्हणजे इमारतीच्या उत्तरायुष्यातील अडचणींचा उलगडा होतो. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी, म्हणजे १९१९ च्या कायद्याने, मुंबई विधान परिषदेची सभासदसंख्या शंभराच्या वर गेली आणि त्यांत निवडून आलेल्यांचे बहुमत झाले. १९२१ मध्ये या परिषदेचे पहिले अध्यक्ष म्हणून नारायण गणेश चंदावरकर यांनी सूत्रे घेतली. त्यांच्या पश्चात इब्राहिम रहिमतुल्ला आले. आता केवळ बैठकीच्या दालनाने भागण्यासारखे नव्हते. मंत्र्यांचे कक्ष, पक्षांच्या खोल्या, ग्रंथालय, वृत्तपत्र-प्रतिनिधींची जागा आणि प्रेक्षकांची सज्जा हे सर्व लागू लागले. यांपैकी प्रेक्षकांची सज्जा ही सर्वांत महत्त्वाची म्हटली पाहिजे; कारण १८६२ मध्ये जे राज्यकर्त्यांचे खाजगी सल्लामंडळ होते, त्याचे कामकाज पाहण्याचा हक्क लोकांना आहे, हे तत्त्व तिच्यामुळे विटामातीत उतरले. १९२८ मध्ये सरकारने नाविकगृह घेतले, ते या पार्श्वभूमीवर. १९३५ च्या कायद्याखाली १९३७ मध्ये दोन सभागृहे अस्तित्वात आली. विधानसभेत १७५ जागा होत्या. विधानसभेचे अध्यक्षपद गणेश वासुदेव मावळणकर यांच्याकडे, तर विधान परिषदेचे मंगलदास पक्वासा यांच्याकडे आले. मावळणकर पुढे स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले.

नव्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर निवडून आले होते. त्याआधी १९२७ पासून ते नामनियुक्त सभासद म्हणून विधान परिषदेत बसत. स्त्रीकामगारांना प्रसूतिकाळात साहाय्य देणारा १९२९ चा मुंबई प्रसूतिलाभ कायदा हा हिंदुस्थानातील त्या प्रकारचा पहिला कायदा. त्याच्या विधेयकाला आंबेडकरांनी परिषदेत जोरदार पाठिंबा दिला होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी विधानसभेत खोती पद्धती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणातील खोत हा मूळचा सारा गोळा करणारा मध्यस्थ. प्रत्यक्षात तो गावाचा धनी होऊन बसला होता. कुळाने पिकवायचे, खोताने आपला वाटा ठरवायचा आणि उरलेल्यावर वेठ घ्यायची, असा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालला होता. कुलाबा जिल्ह्यात चरी येथील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून खोतांच्या जमिनी कसण्यास नकार देऊन दीर्घ संप चालविला होता.

विधेयकाला गती येईना, तेव्हा १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा कौन्सिल हॉलवर आला. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी आणि घाटावरील काही जिल्ह्यांतून आलेल्या या लोकांची संख्या वीस हजारांच्या घरात होती. खांद्यावर घोंगडी, हातात काठी अशा वेषातील इतके शेतकरी मुंबईच्या कोट भागाने एकत्र पाहिलेले नव्हते. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्या शिष्टमंडळाने प्रांताचे पंतप्रधान (तेव्हा मुख्यमंत्र्यास हेच नाव होते) बाळ गंगाधर खेर यांच्यापुढे मागण्या ठेवल्या. आश्वासनापलीकडे त्या दिवशी हाती काही लागले नाही. तरी या मोर्चाचे ऐतिहासिक महत्त्व कमी होत नाही. मतदानाचा हक्क तेव्हा मालमत्ता व शिक्षण यांवर अवलंबून असल्याने मोर्चातील बहुसंख्य लोक मतदारच नव्हते. ज्या सभागृहाच्या निवडणुकीत आपणांस मत नाही, त्याच्या दारापर्यंत चालत जाऊन कायदा मागणे, ही या भागातील राजकारणाची नवी रीत होती. मुंबई खोती निर्मूलन अधिनियम १९४९ मध्ये संमत झाला. मोर्चा आणि कायदा यांच्यामध्ये अकरा वर्षे गेली. दरम्यान युद्ध झाले, मंत्रिमंडळे बदलली आणि देश स्वतंत्र झाला.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मतदानाने निवडलेली पहिली विधानसभा १९५२ मध्ये आली. तिच्यात ३१५ सभासद होते. तीन वर्षांनी या वास्तूभोवती जे घडले, त्याची स्मृती महाराष्ट्रात अद्याप ताजी आहे. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने मराठी भाषकांना एकसंध राज्य नाकारले. पाठोपाठ महाराष्ट्र, गुजरात व स्वतंत्र मुंबई असा त्रिराज्याचा तोडगा काँग्रेस पक्षश्रेष्ठींनी पुढे केला. मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्या सरकारने हा विषय विधानसभेत चर्चेसाठी आणला, तेव्हा सभागृहातील वादाला रस्त्यावरून उत्तर मिळू लागले. १८ नोव्हेंबर रोजी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मोर्चा निघाला व त्यांना अटक झाली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी शहरात हरताळ पडला आणि कामगारांचे लोंढे कौन्सिल हॉलच्या दिशेने निघाले. पोलिसांनी त्यांना फ्लोरा फाउंटनजवळ अडविले. अश्रुधूर व लाठीमार यांनंतर गोळीबार झाला आणि १५ जण मृत्यू पावले. तेथून विधिमंडळाचे दार सुमारे एक किलोमीटरवर होते. पुढील महिन्यांत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात बळी पडलेल्यांची एकूण संख्या शंभराच्या वर गेली. त्या चौकास हुतात्मा चौक हे नाव देण्यात आले.

१ नोव्हेंबर १९५६ पासून विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र व कच्छ यांसह विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य निर्माण झाले. १९५७ च्या निवडणुकीनंतर या जुन्या नाविकगृहात ३९६ सभासदांची विधानसभा भरू लागली. संयुक्त महाराष्ट्र समितीचे अनेक उमेदवार निवडून आले होते. दोन वर्षांपूर्वी ज्यांना रस्त्यावर अडविले होते, त्या चळवळीचे पुढारी आता विरोधी बाकांवर बसून त्याच प्रश्नावर बोलू लागले. गुजरातचे १३२ सभासद वेगळे होऊन १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा सभागृहातील दाटी कमी झाली, हा या वास्तूला झालेला व्यावहारिक लाभ म्हणता येईल. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री, सयाजी लक्ष्मण सिलम विधानसभेचे अध्यक्ष व वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती, अशी नव्या राज्याची सुरुवात झाली. नागपूर कराराच्या अनुषंगाने वर्षातील एक अधिवेशन नागपुरास घेण्याची प्रथाही १९६० पासूनच पडली.

या वास्तूतील महाराष्ट्र विधिमंडळाची एकवीस वर्षे कायद्यांच्या दृष्टीने संपन्न होती. १९६१ चा जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, त्याच वर्षाचा शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा अधिनियम, १९६४ चा राजभाषा अधिनियम आणि १९७७ चा रोजगार हमी अधिनियम हे त्यांपैकी प्रमुख. रोजगार हमी योजनेची मूळ कल्पना सभापती पागे यांची होती. मागेल त्याला काम देण्याचे बंधन शासनावर टाकणारा हा कायदा १९७९ मध्ये अमलात आला, आणि केंद्र सरकारने २००५ मध्ये केलेल्या ग्रामीण रोजगार हमीच्या कायद्याला त्याचा आधार मिळाला.

तथापि खुद्द या वास्तूच्या भवितव्याशी ज्याचा जवळचा संबंध आला, तो कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. मुंबई बेटाची दाटी असह्य होत असल्याचे तेव्हा सर्वांना कळून चुकले होते. चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून ठाणे खाडीच्या पलीकडे नवे शहर वसविण्याची सूचना केली. तिचा गाभा असा, की उत्तरेकडे लांबत चाललेल्या शहराला पूर्वेकडे वळवायचे असेल, तर काम देणारे मोठे केंद्र आधी पलीकडे नेले पाहिजे. आणि खाजगी पेढ्यांना हुकूम करता येत नसला, तरी शासन स्वतःला हलवू शकते. शासकीय कार्यालये खाडीपार गेली, तर व्यापारी कार्यालये मागोमाग जातील, असा हा हिशेब होता. त्याच सुमारास नेमलेल्या डॉ. धनंजयराव गाडगीळ समितीनेही खाडीपलीकडील विकासाची शिफारस केली. १९७० मध्ये शहर व औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) स्थापन झाले आणि पुढील वर्षी १९६६ च्या अधिनियमाखाली त्याच्याकडे नव्या नगराचे अधिकार देण्यात आले. बेलापूर येथे मध्यवर्ती व्यापारी विभाग आखण्यात आला.

सुमारे ३४४ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात ठाणे व कुलाबा (१९८१ पासून रायगड) या जिल्ह्यांतील ९५ गावे येत होती. भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी यांवर जगणारी ही आगरी-कोळ्यांची वस्ती. कुळकायद्याने आणि खोती निर्मूलनाने ज्यांच्या नावावर जमीन चढून वीस-बावीस वर्षेच झाली होती, अशी कितीतरी कुटुंबे या प्रदेशात होती. तीच जमीन आता संपादनाच्या नोटिशीत आली. पनवेलचे आमदार दि. बा. पाटील हे शेतकरी कामगार पक्षाचे सभासद १९५७ पासून कौन्सिल हॉलमध्ये बसत होते. ज्या सभागृहाने नगररचनेचा कायदा केला, त्याच सभागृहात त्या कायद्याची झळ पोहोचलेल्यांची बाजू ते मांडत राहिले. भावाचा आणि पुनर्वसनाचा हा लढा जानेवारी १९८४ मध्ये निकरास गेला. १६ व १७ जानेवारी रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन प्रकल्पग्रस्तांना परत देण्याचे धोरण या लढ्यातून निघाले व १९९० मध्ये शासनाने ते स्वीकारले.

या त्यागाच्या मोबदल्यात जे यायचे होते, ते शासन मात्र खाडीपार आले नाही. नव्या शहराची आखणी चालू असतानाच बेटाच्या दक्षिण टोकास बॅकबे येथे समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर कार्यालयांचे मनोरे चढत होते, आणि त्यांना परवानगी देणारे शासन तेच होते. एकाच हाताने दाटी कमी करण्याची व वाढविण्याची ही दुहेरी नीती नगररचनाकारांनी त्या वेळीच दाखवून दिली होती. मंत्रालय हलले नाही. विभागीय पातळीवरील कार्यालये बेलापूरच्या कोकण भवनात गेली. वाशीला घाऊक बाजार गेले. पण सत्तेचे केंद्र जुन्या जागीच राहिले, आणि ते जेथे राहिले तेथेच विधिमंडळाचे नवे घर उठले. मंत्रालयाजवळ बांधलेल्या नव्या विधानभवनाचे उद्‌घाटन १९ एप्रिल १९८१ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. १९७८ पासून विधानसभेच्या जागा २८८ झाल्या होत्या. खलाशांच्या घरात आणखी डागडुजी करून काम भागविण्याचे दिवस संपले होते, हे खरे. नव्या इमारतीची गरज कोणी नाकारत नव्हते. जागेबद्दलच काय तो प्रश्न होता, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी झाली नाही.

ज्या भागात हे नवे विधानभवन आहे, त्यास नरीमन पॉइंट म्हणतात. खुर्शेद फ्रामजी नरीमन हे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबई विधान परिषदेचे सभासद होते. बॅकबेत भर घालण्याच्या त्या काळच्या सरकारी योजनेतील उधळपट्टी व गैरव्यवहार त्यांनी उघडकीस आणले. योजनेशी संबंधित हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. तीत नरीमन निर्दोष सुटले. भर घालण्यास ज्याने विरोध केला, त्याचेच नाव भर घालून मिळविलेल्या जमिनीला लाभले, आणि त्याच्या जुन्या विधिमंडळाचे वारस शेवटी त्या जमिनीवर राहावयास गेले.

विधिमंडळ गेल्यावर, १९८२ मध्ये, जुन्या वास्तूत राज्य पोलीस मुख्यालय आले व पोलीस महासंचालकांचे कार्यालय तेथे थाटले गेले. १९३८ व १९५५ मध्ये ज्या दारापर्यंत पोहोचू न देण्यासाठी पोलिसांच्या रांगा उभ्या राहिल्या, ते दार आता त्यांच्याच ताब्यात आहे. सुरक्षिततेच्या कारणास्तव वास्तू सर्वसामान्यांना आतून मोकळेपणाने पाहता येत नाही. बाहेरून मात्र ती नीट न्याहाळता येते, विशेषतः समोरच्या चौकातून. वेलिंग्टन कारंजे मध्ये ठेवून पाहिले असता एका बाजूस १९२२ मध्ये खुले झालेले वस्तुसंग्रहालय, दुसऱ्या बाजूस १९३३ चे रीगल चित्रपटगृह आणि त्यांच्या समोर नाविकगृहाची करडी भिंत, असा तीन निरनिराळ्या रुचींचा देखावा एका दृष्टिक्षेपात येतो.

खाडीपार गेलेल्या रेल्वेमार्गावरून वाशीपर्यंत गाड्या १९९२ मध्ये धावू लागल्या. नवी मुंबई महानगरपालिकाही त्याच वर्षाच्या १ जानेवारीस अस्तित्वात आली. बेलापूरच्या जुन्या किल्ल्याजवळ २०१४ मध्ये तिने आपले घुमटाकार मुख्यालय बांधले. त्यातील सभागृहात नगरसेवक बसतात. त्या शहराच्या हद्दीत विधिमंडळाचे अधिवेशन मात्र आजवर एकदाही भरलेले नाही.